कोकण करड्या रंगात: तिथी चुकलेल्या एका कामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बडोद्यातल्या एका मराठी मंडळाने काही वर्षांपूर्वी आपलं सभागृह नव्याने रंगवून घेतलं. मंडळाचं किंवा कुणा माणसाचं नाव इथे देत नाही. सभासदांतली बरीच घरं गायकवाडी काळात कोकणातून आलेली, एवढं सांगितलं तरी पुरे. गावाकडे आता कुणाचं फारसं काही उरलेलं नाही, कुलदैवताला वर्षाआड एखादी फेरी होते तेवढीच. म्हणून सभागृहाच्या लांब भिंतीवर कोकण किनाऱ्याची दहा मोठी छायाचित्रं लावायचं ठरलं. उद्घाटन अक्षय्य तृतीयेला.

काम मिळालं ते बडोद्यातच वाढलेल्या, चाळिशीतल्या एका छायाचित्रकार बाईला. तिला मी लहानपणापासून ओळखतो, म्हणून एकेरीतच लिहितो. पोटासाठी ती लग्नं आणि कारखान्यांच्या मालाचे फोटो काढते. जीव मात्र कृष्णधवलमध्ये. मांडवी, न्यायमंदिर, सुरसागरचा काठ, वाडी भागातल्या जुन्या घरांचे लाकडी खांब हे तिचं वर्षानुवर्षांचं काम मी जवळून पाहिलं आहे, कारण तिचे प्रिंट मीच काढतो. चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी याच शहरात राहून गावोगावच्या रांगोळ्या आणि भिंतींवरची चित्रं कृष्णधवलमध्ये टिपून ठेवली. त्यामुळे बडोद्यात कृष्णधवल म्हटलं की 'रंगाचे पैसे वाचवले का?' असं सहसा कुणी विचारत नाही.

मंडळाच्या चिटणीसांनी मात्र विचारलं. "काळे-पांढरे फोटो भिंतीवर लावले की गेलेल्या माणसांचे वाटतात, नाही का?" तिचं उत्तर होतं की रंगीत कोकण प्रत्येकाच्या घरी कॅलेंडरवर आहेच, इथे काही वेगळं हवं. थोडी कुरकुर झाली आणि मान्यता मिळाली. आपल्या हट्टाने घेतलेलं काम आहे याचं ओझं तिच्या मनावर तेव्हापासून होतं. पुढचे काही निर्णय त्या ओझ्याखाली झाले.

अडचण

पहिली फेरी माघ वद्य अष्टमीच्या आसपासची, गुहागरला पाच दिवस. तारखा ठरल्या त्या दोनच गोष्टींवर: कोकण रेल्वेचं मिळालेलं आरक्षण आणि मुलाची शाळेची परीक्षा. तिथीचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. बडोद्यात आपण तिथी पाहतो ती चतुर्थीचा उपास आणि एकादशी कळावी म्हणून.

अकराशेच्या आसपास फ्रेम घेऊन ती परतली. माझ्या पडद्यावर आम्ही त्या आधी रंगीत पाहिल्या. जांभ्याचे लाल गडगे (दगडी कुंपणं), मागे माडांची हिरवी भिंत, तिच्यामागे निळसर समुद्र. देखणं काम होतं. मग एक कळ दाबून सगळं करड्यात नेलं आणि दोघंही गप्प झालो. गडगा माडात विरघळलेला, माड समुद्रात, समुद्र आभाळात. पिठलं ढवळून ठेवावं तसं.

हे का होतं ते एकदा आकड्यांत पाहिलं की विसरत नाही. तिच्या एका फाइलमध्ये गडग्याच्या दगडावर लाल १५०, हिरवा ८०, निळा ६० असे (० काळा, २५५ सगळ्यांत उजळ) आकडे होते. मागच्या झावळीवर ९०, ११५, ५०. रंगाचं करडं करण्याच्या जुन्या सरळ सूत्रात लाल सुमारे ३० टक्के, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के धरतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो. मांडून पाहा: दगड येतो ९९, झावळी १००. ज्या दोन रंगांच्या भांडणावर कोकण देखणं दिसतं, त्यांच्यात करड्यात एका अंकाचा फरक!

आणखी तीन गोष्टी हळूहळू ध्यानात आल्या. एक, आभाळ. आमच्याकडे हिवाळ्यात निळं आभाळ कडक येतं. गुहागरला फेब्रुवारीच्या अखेरीस दमट हवेमुळे क्षितिजाजवळ नुसती पांढुरकी झाक होती. दोन, तिसऱ्या दिवसापासूनच्या फ्रेममध्ये एक धूसरपणा होता, तो हवेचा नसून लेन्सवर बसलेल्या खाऱ्या तुषारांचा होता. कोरड्या कापडाने पुसत राहिल्यामुळे मीठ पसरत गेलं होतं. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड फिरवायला हवं होतं. तिसरी गोष्ट तिची स्वतःची, आणि सगळ्यांत महागात पडलेली. पाचही दिवस पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लेन्सवर चढवलेलाच होता.

लग्नाच्या, रिसॉर्टच्या कामात पोलरायझरने पानावरची चकाकी जाते आणि हिरवा गडद होतो, म्हणून तो तिच्या हाताला बसलेला. पण नारळाचं पान मेणचट असतं. त्याची प्रत्येक पाती उन्हात आरशासारखी लखलखते, आणि करड्यात झावळीला झावळीपासून वेगळं करते ती हीच लखलख. ओल्या वाळूचंही तसंच. तिने नेमकं तेवढंच पुसून टाकलं होतं. रंगीत चित्रात जी चकाकी नको, तीच कृष्णधवलचा दागिना; तोच उतरवून कृष्णधवल काढायला बसल्यासारखं झालं.

समोर असलेले पर्याय

उद्घाटनाला दोन महिन्यांहून थोडे जास्त दिवस होते. आम्ही माझ्या खोलीत बसून जे जे मांडलं ते असं.

पहिला पर्याय संगणकावर निस्तरायचा. फिल्मच्या काळात लेन्सवर पिवळा, नारिंगी, लाल किंवा हिरवा काच-फिल्टर लावून जे करत, ते आता रंगांचे पट्टे वरखाली करून होतं. लाल वाढवला की जांभा उजळतो, झावळ्या काळवंडतात. हिरवा वाढवला की उलट. हा मार्ग मीच लावून धरला. मी छपाईवाला, मला सगळे रोग कागदावर बरे होतात असं वाटतं. जवळच्या, गडगा आणि आगर (माडांची बाग) असलेल्या फ्रेम सुधारल्याही. पण आभाळ गडद करायला निळा खाली ओढला की त्यात दाणे उठायचे आणि झावळीच्या कडेला पांढरी किनार यायची, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. शिवाय आभाळ मुळात निळं नव्हतंच; पांढऱ्या झाकेला कुठलाच फिल्टर काळं करत नाही. दोन आठवडे आणि बराच कागद यात गेला. ती नाही म्हणत होती, मी 'अगं, अजून एक चाचणीपट्टी छापून बघू' म्हणत होतो.

दुसरा, इन्फ्रारेडचा. कॅमेऱ्यातला फिल्टर बदलून ७२० नॅनोमीटरच्या पुढचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा प्रकाश घेतला की पानं पांढरीशुभ्र येतात, आभाळ काळं. हा परिणाम भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये छापून दाखवलेल्या चित्रांपासून जगाला ठाऊक आहे. वेगळेपणाची अडचण त्याने एका फटक्यात सुटली असती. पण आपल्या आजोळचं आगर बर्फ पडल्यासारखं पाहून मंडळातली म्हातारी माणसं काय म्हणतील? तिने तो दहा मिनिटांत बाजूला सारला. मला अजूनही वाटतं, एखादी फ्रेम तशी करून बघायला हरकत नव्हती.

तिसरा, रंगीतच द्यायचं. चिटणीस खूश झाले असते, काम वेळेत संपलं असतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर यात गैर काही नव्हतं. फाइली चांगल्या होत्या. ती यावर दोन रात्री झोपली नाही, आणि नको म्हणाली. कारण तिने असं दिलं: "काका, रंगीत दिलं तर ते मी निवडलेलं नसेल, मला जमलं नाही म्हणून उरलेलं असेल."

चौथा, पुन्हा जायचं. खर्च स्वतःचा. आणि पुन्हा जाऊन वेगळं काय करणार, हे ठाऊक नसेल तर तेच पिठलं परत.

निर्णायक फोन

परत जायचं की नाही हे ठरवायच्या आधी तिने गुहागरला जिच्याकडे उतरली होती त्या काकूंना फोन केला, खोली कधी मोकळी आहे विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ उजेड छान असायचा, पण पाणी नेमकं वर चढलेलं. दुपारी किनारा उघडा पडायचा तेव्हा ऊन डोक्यावर."

काकू हसल्या. "अगं बाई, अष्टमीला आली होतीस तू. तिथीची पाऊणपट कर."

कोकणात हा हिशेब पोराटोरांनाही पाठ असतो. पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा: सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती. म्हणजे मऊ, तिरक्या उजेडाच्या दोन्ही वेळांना किनारा पाण्याखाली, आणि ओहोटी भर दुपारी. वर अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती, म्हणून पाणी मागे सरतंही थोडंच. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारच्या आधी आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी पाच-साडेपाचला. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत ती सरकत सरकत सूर्योदय आणि सूर्यास्ताला येऊन टेकते, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर मागे जातं आणि पुळणीचा (किनाऱ्यावरच्या वाळूचा) मोठा ओला पट्टा उघडा पडतो, नेमका तिरक्या उन्हात.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. तिला हवा होता तो ओलावा. कोरडी वाळू करड्यात नुसती फिकट दिसते. ओली वाळू, कण पाण्याने भरलेले असल्यामुळे, एका बाजूने काळी आणि उजेडासमोरून पाहिली तर आभाळाइतकी पांढरी. ओला जांभा कोरड्याहून कितीतरी गडद. रंगांनी होणारी जी वाटणी करड्यात नाहीशी झाली होती, ती पाणी करून देणार होतं. फक्त पाणी असेल तेव्हा आणि तसं ऊन असेल तेव्हा तिथे उभं असायला हवं.

मधली चाचणी

फाल्गुन पौर्णिमा जवळ होती, पण ती टाळली. पौर्णिमा म्हणजे शिमगा, गाड्या भरलेल्या, किनाऱ्यावर पावलांचे ठसे. अमावास्येला जायचं ठरलं. अडचण एवढीच की अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, आणि घरची गुढी सोडून सून समुद्रावर. त्यावर घरात काय बोलणी झाली ते मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.

मधल्या वेळात सराव म्हणून ती पौर्णिमेला कावी-कंबोईला गेली. बडोद्याहून गाडीने दीड-दोन तास, खंबातच्या आखातावर. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्यात जातं. पाऊणपट करून ती सव्वापाचची ओहोटी धरून गेली, आणि समोर काठोकाठ पाणी! आखातात भरती खुल्या किनाऱ्यापेक्षा काही तासांनी उशिरा पोचते, आणि तिचा चढउतारही कोकणच्या कितीतरी पट. कोकणचा हिशेब कोकणातच चालतो. चूक स्वस्तात कळली. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी उतरताना, चिखलावरच्या ओहोळांची तिने चाळीसेक चित्रं घेतली. पोलरायझर घरी. चिखल तोच, रंगीत पाहिला तर मातकट, कंटाळवाणा. पण उजेडासमोरून प्रत्येक ओहोळ चांदीच्या तारेसारखा उठला होता. माझ्या टेबलावर पहिली चाचणीपट्टी निघाली तेव्हा मी संगणकाचे पट्टे वरखाली करायचं कायमचं थांबवलं.

पुढच्या फेरीसाठी मात्र पाऊणपटीवर न थांबता तिने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या सारणीवरून जवळच्या बंदराच्या वेळा उतरवून घेतल्या. एका कागदावर दोन रांगा: पाण्याची वेळ, सूर्याची वेळ.

दुसरी फेरी

फाल्गुन अमावास्या ते चैत्र शुद्ध तृतीया, चार दिवस. विषुवदिनाच्या आसपासची उधाणं वर्षातली मोठी असतात, तोही फायदा झाला.

पश्चिम किनाऱ्यावर सकाळचं ऊन डोंगरामागून, माडांच्या डोक्यावरून येतं. त्यामुळे पुळणीवर समुद्राकडे पाठ करून पाहिलं की माड उजेडाच्या आड येतात आणि झावळीची प्रत्येक पाती कडेने पेटते. पहिल्या फेरीत तिने माड संध्याकाळी, समोरून पडलेल्या उन्हात काढले होते. सपाट हिरवे, सपाट करडे. तोच माड, तीच लेन्स, फक्त सकाळ.

पाडव्याच्या सकाळचं एक चित्र सांगण्यासारखं आहे. पाणी उतरून बराच वेळ झाला की बारीक खेकडे बिळातून वर येतात, वाळू चाळून खातात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती चांदणीसारख्या मांडत जातात. भरती आली की सगळं पुसलं जातं. दुपारच्या उन्हात त्या गोळ्या दिसत नाहीत. सावलीच पडत नाही. त्या सकाळी ऊन डोंगरावरून नुकतंच उतरत होतं आणि एकेका गोळीला तिच्या चौपट लांब सावली होती. ही पोटावर आडवी, कॅमेरा वाळूपासून वीतभर. या वेळेला मुदत असते: ऊन पडल्यापासून सावल्या आखडायला तिथे फार वेळ लागत नाही, सूर्य सरळ चढतो. तिने अकरा फ्रेम घेतल्या, तेवढ्यात संपलं.

दुपार वाया जात होती म्हणून ती हेदवीला बामणघळीवर गेली. काळ्या खडकातली अरुंद चीर. भरतीच्या जोरावर पाणी आत घुसून कारंज्यासारखं वर उसळतं. उधाणाची भरती दुपारची, म्हणजे ऊन डोक्यावर. पण काळा कातळ आणि पांढरा फेस यांना कडक ऊन मानवतं; इथे वेगळेपणा आधीच होता. एकच काळजी घ्यायची होती ती फेसातलं पांढरं करपू न देण्याची, म्हणून तिने प्रकाश मुद्दाम कमी घेतला आणि सावल्या मी कागदावर उघडल्या. ती लांब लेन्स लावून मागे उभी होती. चिरेच्या काठाशी उभं राहून हा फोटो काढायचा नसतो.

निष्पत्ती

भिंतीवर शेवटी गेली ती दहा अशी: दुसऱ्या फेरीतली सात, पहिल्या फेरीतली गडगा-आगराची दोन (हिरवा पट्टा वाढवून, म्हणजे माझे दोन आठवडे अगदीच पाण्यात गेले नाहीत), आणि कंबोईचं एक. त्या दहाव्यावर चर्चा झाली. विषय कोकण, मग आखातातला चिखल कशाला? तिचं म्हणणं होतं की मथळ्यात स्पष्ट 'कंबोई' लिहायचं, लपवायचं नाही. आपण पिढ्यानपिढ्या इकडे राहतो, आपला जवळचा किनारा हाच. चिटणीसांना हे पटलं. मला तेव्हा पटलं नव्हतं, आता भिंतीवर पाहून पटतं.

दुसऱ्या फेरीचा अर्धा खर्च मंडळाने नंतर दिला, अर्धा तिच्या अंगावर पडला.

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही पोचलो तर सभागृहाची साफसफाई करणाऱ्या दादांनी फुलांची सजावट पुरी केली होती. बामणघळीच्या फ्रेमला झेंडूचा हार. काळा-पांढरा फोटो, लाकडी चौकट, वर खिळा. त्यांनी जे नेहमी करतात ते केलं. चिटणीस माझ्याकडे बघून काहीच बोलले नाहीत, हेच पुष्कळ होतं.

पुन्हा करायचं झालं तर

जायच्या आधी एक सकाळ बडोद्यातच घालवता आली असती. कमाटी बागेत ताडा-पामाची झाडं आहेत, लाल दगडाच्या भिंती तर शहरभर. कॅमेऱ्याचा पडदा कृष्णधवलवर ठेवून, फाइल मात्र कच्ची (रॉ) रंगीत साठवून, तासभर फिरली असती तरी लाल-हिरव्याची एकी आणि पोलरायझरची चोरी दोन्ही उघडी पडली असती.

काकूंना फोन पहिल्या आरक्षणाच्या आधी करायला हवा होता. खोली आहे का, यापेक्षा 'पाणी कधी उतरतं?' हा प्रश्न आधी. आरक्षण तिथीवर बेतता येत नसेल, तर अष्टमीच्या दिवसांत पुळणीऐवजी आगरं, पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), देवळांची आवारं घ्यावीत. त्यांना पाण्याचं देणंघेणं नाही.

कोटेशनमध्ये एक पाहणी-फेरी वेगळी लिहायला हवी होती. तिने ती लिहिली नाही, कारण हट्टाने घेतलेलं काम महाग दिसू नये असं तिला वाटत होतं.

माझी चूक छपाईतली. मी चाचणीपट्ट्या माझ्या खोलीतल्या दिव्याखाली पाहिल्या, सभागृहात एकदाही नेल्या नाहीत. तिथे पश्चिमेला खिडक्या आहेत आणि वर ट्यूबलाइट. बडोद्याच्या धुळीमुळे काच घालावीच लागली, आणि संध्याकाळी साडेपाचला बामणघळीच्या काळ्या कातळात चारही खिडक्या स्वच्छ दिसतात. पडदे लावायचा ठराव अजूनही पुढच्या बैठकीतच आहे.